मोठ्या बागेसाठी ट्रॅक्टरचा कल्टिव्हेटर कसा निवडावा

कल्टिव्हेटर घ्यायला निघालेला माणूस बहुधा दोनच प्रश्न विचारतो: किती फणांचा घ्यावा, आणि त्याला किती अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागेल. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण त्यांची उत्तरे यंत्राच्या माहितीपत्रकात शोधली की फसगत होते, कारण ती उत्तरे आपल्या मातीत, बागेच्या फाटकाच्या रुंदीत आणि ट्रॅक्टरच्या चाकांवर पडणाऱ्या वजनात असतात. म्हणून या लेखात आधी जमीन मोजायची, मग ट्रॅक्टरची ओढ तपासायची आणि यंत्राकडे सर्वांत शेवटी वळायचे, असा क्रम ठेवला आहे. येथे मोठी बाग म्हणजे साधारण अर्धा एकर ते दोन एकरांची, भाजीपाला, फुलझाडे किंवा फळझाडे असलेली जमीन गृहीत धरली आहे.

आधी या अवजाराचे काम नेमके काय आहे ते स्पष्ट असावे. कल्टिव्हेटर, म्हणजेच अनेकांच्या बोलण्यातला मोगडा, हे मुख्यतः नांगरणीनंतरच्या मशागतीचे अवजार आहे. ढेकळे फोडणे, वरचा ८ ते १५ सेंटिमीटरचा थर मोकळा करणे, उगवलेले तण उपटून वर आणणे आणि पसरलेले कुजलेले खत मातीत मिसळणे, ही कामे तो उत्तम करतो. वर्षानुवर्षे पडीक राहिलेल्या, गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या जमिनीत मात्र त्याला पहिल्याच पाळीला उतरवले, तर फण वरच्यावर घसरतात, गवताचे गठ्ठे फणांत अडकतात आणि शेवटी दोष अवजाराला दिला जातो. तशी जमीन आधी नांगरून घ्यावी लागते. हे काम काही वर्षांतून एकदाच येते, त्यामुळे त्यासाठी नांगर विकत घेण्यापेक्षा तो भाड्याने आणणे शहाणपणाचे ठरते.

जमिनीची मोजणी

पहिले मोजमाप रस्त्याचे. ट्रॅक्टर आणि त्यामागचे अवजार ज्या वाटेने बागेत शिरणार आहे, त्या वाटेवरची सर्वांत अरुंद जागा मोजावी. ती फाटकाची असेल, दोन झाडांमधली असेल किंवा भिंत आणि विहीर यांच्यामधली असेल. यंत्राची रुंदी त्या जागेपेक्षा दोन्ही बाजूंनी किमान १५ सेंटिमीटर कमी असावी. हे अगदी साधे वाटते. पण अवजार घरी आल्यावर फाटकाचा खांब काढावा लागल्याचे मी पाहिले आहे, आणि अवजार बागेबाहेर ठेवून रोज जोडण्या-सोडण्याची शिक्षा भोगणारेही पाहिले आहेत.

दुसरे मोजमाप जमिनीच्या लांबी-रुंदीचे आणि टोकाला वळण्यासाठी मिळणाऱ्या जागेचे. लहान ट्रॅक्टरलाही अवजारासह वळायला तीन ते पाच मीटर जागा लागते. बाग २० मीटर रुंद असेल आणि आपण रुंदीच्या दिशेने चालवू लागलो, तर दोन्ही टोकांना चार-चार मीटर धरून २० पैकी ८ मीटर जमीन केवळ वळण्यात तुडवली जाते. म्हणून पाळी नेहमी लांबीच्या दिशेने घालावी, आणि रुंद यंत्र घ्यायचा मोह होतो तेव्हा आधी पुढचा हिशेब करून पाहावा. ४० बाय १०० मीटरच्या, म्हणजे सुमारे एक एकराच्या जमिनीत १.१ मीटर रुंदीचा कल्टिव्हेटर लांबीच्या दिशेने चालवला तर ३७ फेऱ्या आणि ३६ वळणे होतात. रुंदीच्या दिशेने चालवला तर ९१ फेऱ्या आणि ९० वळणे होतात. दोन्ही वेळा प्रत्यक्ष मशागतीचे अंतर जवळपास सारखेच, सुमारे ३.७ किलोमीटर असते, आणि ताशी ४ किलोमीटर वेगाने त्याला ५५ मिनिटे लागतात. पण एका वळणाला अर्धा मिनिट धरला, तर पहिल्या पद्धतीत १८ मिनिटे आणि दुसऱ्या पद्धतीत ४५ मिनिटे वळण्यातच जातात. दिशा बदलून वाचलेला हा वेळ एखादा फण वाढवून वाचणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असतो, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. जमिनीला उतार असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवून उताराला आडव्या पाळ्या घालाव्यात, नाहीतर पहिल्याच जोराच्या पावसात फणांच्या तासांतून माती वाहून जाते. आणि उतार इतका असेल की आडव्या चालीत ट्रॅक्टर कलंडण्याची शंका येईल, तर तो तुकडा यंत्राने करूच नये.

तिसरे मोजमाप मातीच्या आतले आहे, आणि ते बहुतेक जण घेतच नाहीत. जमीन वाफशावर, म्हणजे मशागतीला योग्य इतक्याच ओलीवर, असताना ८ ते १० मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई सरळ उभी धरून, अंगाचा भार हळूहळू टाकत मातीत दाबावी. ज्या खोलीवर सळई एकाएकी अडते, तिथे सळईवर खूण करून ती खोली मोजावी. बागेत दहा-बारा ठिकाणी असे केले की कठीण थर कुठे आणि किती खोल आहे याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. हा थर १५ ते २० सेंटिमीटरच्या आत सगळीकडे लागत असेल, तर तो कल्टिव्हेटरने फुटणार नाही. तिथे जमीन पुरेशी कोरडी असताना चिझल नांगर किंवा सबसॉयलर, म्हणजे खोल जाऊन घट्ट थर फोडणारे अवजार, चालवावे लागते, कारण कोरड्यात तो थर तडकतो आणि ओल्यात फक्त चिरला जातो.

वाफसा ओळखण्याची रीत जुनीच आणि खात्रीची आहे. ज्या खोलीपर्यंत फण जाणार, त्या खोलीवरची मूठभर माती उचलून दाबावी आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो आपटून विखुरला तर जमीन तयार आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर थांबावे. गोळाच होत नसेल, तर माती जास्त सुकली आहे, आणि फण तिच्यातून मोठी, टणक ढेकळे काढतील. ही चाचणी निवडीच्या लेखात कशाला, असे वाटेल. पण ज्या बागेत वाफशाचे दिवस फार थोडे मिळतात, तिथे काम एका दिवसात आटोपणारे अवजार लागते, आणि जिथे हलकी, वालुकामय माती बराच काळ वाफशावर राहते, तिथे लहान अवजाराने सवडीने काम करता येते. रुंदीची खरी गरज एकरांवरून जेवढी ठरते, तेवढीच या दिवसांच्या संख्येवरूनही ठरते.

मागे चालायचे की वर बसायचे

मागे चालत चालवायचे पॉवर टिलर आणि लहान टिलर हे काही बागांसाठी ट्रॅक्टरपेक्षा खरोखर सोयीचे असतात. वाफे अरुंद असतील, मध्ये झाडे असतील, वळायला दोन मीटरही जागा नसेल, तर प्रश्नच मिटतो. पण चालण्याचा हिशेब आधी करावा. ६० सेंटिमीटर रुंदीच्या टिलरने एक एकर जमीन एकदा करायची म्हणजे सुमारे पावणेसात किलोमीटर चालावे लागते, तेही मोकळ्या मातीत आणि हँडलचे धक्के सोसत. ताशी २ किलोमीटर या वेगाने त्याला सव्वातीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि यात वळणे धरलेली नाहीत. जमीन चौथाई एकरापर्यंत असेल तर हे सहज जमते. अर्ध्या एकराच्या पुढे, आणि हंगामात तीन-चार पाळ्या द्यायच्या असतील तर, बसून चालवायच्या लहान ट्रॅक्टरचा विचार करावा.

टिलरच घ्यायचा ठरला, तर पाती चाकांच्या मागे असलेला आणि चाकांना इंजिनाची स्वतंत्र चाल असलेला घ्यावा. ज्या हलक्या टिलरमध्ये पातीच यंत्राला पुढे नेतात, तो कठीण जमिनीवर उड्या मारतो आणि चालवणाऱ्याचे खांदे आखडून टाकतो. हँडल सोडताच पाती थांबवणारा खटका असलाच पाहिजे. मागे घेताना पाती फिरत राहणार नाहीत याचीही खात्री करून घ्यावी, कारण टिलरचे गंभीर अपघात अनेकदा यंत्र मागे घेतानाच, पाय पात्यांखाली येऊन होतात.

फणांचा की फिरत्या पात्यांचा

रोटाव्हेटरचे, म्हणजे फिरत्या पात्यांच्या अवजाराचे, काम पाहताना मन भरून येते. एका पाळीत जमीन रव्यासारखी होते, आणि त्यामुळे बागेसाठी तोच घ्यावा असे वाटते. माझे मत वेगळे आहे, आणि त्याची कारणे मातीत आहेत. फिरती पाती मातीचे कण एकमेकांपासून तोडतात. अशी बारीक झालेली माती पहिल्या पावसात किंवा पाण्याच्या पहिल्या पाळीत दबते आणि वर पापडी धरते. दरवेळी एकाच खोलीवर फिरणारी पाती, विशेषतः माती किंचित ओली असताना, खालचा थर चोपडा आणि घट्ट करतात. काही हंगामांनी मुळे तिथे आडवी वळू लागतात. तिसरे कारण तणाचे. हराळीच्या कांड्यांचे तुकडे झाले की डोळा असलेला प्रत्येक तुकडा नव्याने फुटू शकतो. फण मात्र त्या कांड्या लांबच्या लांब ओढून वर काढतात, आणि कोरड्या उन्हाच्या दिवसांत दोन-तीन पाळ्या दिल्या तर त्या वाळून मरतात. लव्हाळ्याच्या गाठी दोन्ही अवजारे इकडून तिकडे नेतात, म्हणून लव्हाळा असलेल्या तुकड्यातून बाहेर पडताना अवजार झाडून, खरवडून घ्यावे.

याचा अर्थ रोटाव्हेटर निरुपयोगी आहे असा नाही. हिरवळीचे पीक गाडायचे असेल, मागच्या पिकाचे जाड अवशेष चिरायचे असतील किंवा बारीक बियांसाठी फार मऊ वाफा हवा असेल, तर त्याला तोड नाही. पण ही कामे वर्षातून एक-दोनदाच येतात. त्याला दर मीटर रुंदीमागे, माती आणि खोलीनुसार, साधारण १५ ते ३० अश्वशक्ती लागते, आणि ती पीटीओमधून, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यातून, द्यावी लागते. एकच अवजार घ्यायचे असेल तर फणांचा कल्टिव्हेटर घ्यावा, आणि रोटाव्हेटर लागेल तेव्हा भाड्याने आणावा, असे मी सांगेन.

अश्वशक्तीच्या आधी वजन

आता त्या प्रश्नाकडे येऊ, ज्यावर सर्वांत जास्त चुका होतात. फणाला ओढायला किती जोर लागतो, हे मातीवर, खोलीवर आणि वेगावर अवलंबून असते. अरुंद फाळाचा एक फण १० सेंटिमीटर खोल आणि ताशी ४ ते ५ किलोमीटर वेगाने ओढायला हलक्या मातीत ४०० न्यूटनच्या आसपास आणि जड मातीत ६०० न्यूटनच्या आसपास जोर लागतो, असे धरून चालता येते. प्रत्यक्षात यात तीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. खोली दुप्पट केली की जोर निदान दुप्पट होतो.

समजा, माती जड आहे आणि आपल्याला सात फण हवे आहेत. सात गुणिले ६०० म्हणजे ४२०० न्यूटन, अर्थात सुमारे ४३० किलोची ओढ. ताशी ४ किलोमीटर वेगाने ही ओढ द्यायला सुमारे ४.७ किलोवॅट लागतात. मोकळ्या मातीत इंजिनाच्या शक्तीपैकी निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक शक्तीच प्रत्यक्ष ओढीला मिळते, म्हणून इंजिनाकडून साडेआठ किलोवॅट, म्हणजे साडेअकरा अश्वशक्ती हवी. त्यात थोडी राखीव धरली की १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरतो, असा निष्कर्ष निघतो. कागदावर तो बरोबरही आहे.

पण ट्रॅक्टर ही ओढ चाकांमधून जमिनीला देतो, आणि मोकळ्या मातीत चाके आपल्यावरच्या वजनाच्या साधारण चाळीस टक्के एवढीच ओढ नीट देऊ शकतात. ४३० किलोच्या ओढीसाठी चालत्या चाकांवर जवळपास १०७५ किलो वजन असावे लागेल. बागेत वापरले जाणारे लहान ट्रॅक्टर पुष्कळदा ६०० ते ८०० किलोंचेच असतात. म्हणजे अश्वशक्ती पुरते, पण वजन पुरत नाही. इंजिन जोरात चालते, चाके जागीच फिरतात, टायर खड्डे करतात आणि मालक म्हणतो की ट्रॅक्टरमध्ये दम नाही. त्याच मातीत पाच फण घेतले तर ओढ ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०६ किलो होते, आणि त्यासाठी ७६५ किलो वजन लागते. चारही चाकांना चाल असलेला ७५० किलोंचा ट्रॅक्टर, अवजाराचा भार धरून, हे काम करू शकतो. फक्त मागच्या चाकांना चाल असेल, तर मागच्या धुऱ्यावरचेच वजन हिशेबात घ्यावे लागते.

यावर उपाय म्हणून चाकांना वजने लावता येतात किंवा टायरमध्ये पाणी भरता येते, आणि थोड्या प्रमाणात ते उपयोगी पडते. पण वाढवलेला प्रत्येक किलो आपण त्याच मातीवर फिरवणार असतो, जी मोकळी करायला निघालो आहोत. धुऱ्यावरचा भार वाढला की दाब मातीत अधिक खोल जातो. टायरमधली हवा कमी केल्याने वरच्या थराचा दाब कमी होतो, खोलवरचा फारसा नाही. म्हणून ट्रॅक्टर जड करण्यापेक्षा दोन फण कमी करणे, किंवा पहिली पाळी उथळ आणि दुसरी थोडी खोल देणे, हा बागेसाठी नेहमीच चांगला मार्ग आहे.

आपला ट्रॅक्टर ओढ पेलतो की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. मागच्या टायरवर खडूने रेघ मारावी. अवजार उचलून, त्याच जमिनीवर चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे. मग अवजार कामाच्या खोलीवर लावून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर ३० मीटर आणि दुसरे २६ मीटर आले, तर चाकाची घसर १३ टक्क्यांच्या आसपास आहे. मोकळ्या जमिनीत १० ते १५ टक्के घसर योग्य समजली जाते. ती २० टक्क्यांच्या वर जात असेल, तर फण जास्त आहेत किंवा खोली जास्त आहे. विक्रेत्याने घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवायचे मान्य केले, तर हीच चाचणी त्याच्यासमोर करावी.

रुंदीची खालची मर्यादाही असते. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजावे. कल्टिव्हेटरची कामाची रुंदी, म्हणजे फणांची संख्या गुणिले दोन फणांमधले अंतर, त्याहून कमी नसावी. अन्यथा टायरची घट्ट झालेली पट्टी प्रत्येक फेरीत तशीच मागे राहते. पाच फण २२.५ सेंटिमीटर अंतरावर लावले तर १.१२ मीटर रुंदी मिळते, आणि अनेक लहान ट्रॅक्टरांच्या टायरांना ती झाकते. टायरांच्या अगदी मागे एकेक फण येईल अशी मांडणी करता आली, तर उत्तमच. उभ्या पिकाच्या ओळींमधून चालवायचे असेल, तर गणित उलटे होते: दोन ओळींमधल्या अंतरातून दोन्ही बाजूंना निदान १० सेंटिमीटर सोडून उरेल तेवढीच रुंदी वापरता येते, आणि म्हणून चौकटीवर फण सरकवण्याची सोय असणे आवश्यक ठरते.

जोडणी

आजचे बहुतेक ट्रॅक्टर तीन बिंदूंच्या जोडणीचे असतात, म्हणजे अवजार खालच्या दोन दांड्यांना आणि वरच्या एका दांडीला (टॉप लिंक) जोडले जाते. अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ साली या जोडणीचे पेटंट घेतले आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरमुळे ती दूरवर पोहोचली. तिचा खरा गुण असा की अवजाराची ओढ आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो, आणि हलका ट्रॅक्टरही आपल्या वजनाच्या मानाने चांगले ओढतो. बागेसाठी चाकांवर मागे ओढला जाणारा सुटा कल्टिव्हेटर घ्यायचे सहसा कारण नसते. तो वळायला जास्त जागा घेतो आणि हा फायदाही देत नाही.

अवजार आणि ट्रॅक्टर यांचा जोडणीचा वर्ग जुळला पाहिजे. शून्य वर्गात खालच्या दोन्ही पिना आणि वरची पिन सुमारे १६ मिलिमीटर जाडीच्या असतात. पहिल्या वर्गात खालच्या पिना २२ आणि वरची १९ मिलिमीटरची असते. दुसऱ्या वर्गात खालच्या सुमारे २८ आणि वरची २५ मिलिमीटरची. अगदी लहान ट्रॅक्टर शून्य वर्गाचे, तर २० ते ४५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर बहुधा पहिल्या वर्गाचे असतात. जाड पिनेच्या भोकात बारीक पिन घालून काम भागवू नये. दोन वर्गांमधला फरक भरून काढणाऱ्या पोकळ नळ्या मिळतात, त्या वापराव्यात.

हायड्रॉलिकची उचल क्षमता वाचताना ती कुठे मोजली आहे हे पाहावे. खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेला आकडा मोठा दिसतो. दांड्यांच्या टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेला आकडा कमी, पण खरा उपयोगाचा असतो, कारण अवजाराचे वजन मागे असते. अवजार पूर्ण उचलल्यावर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग हलके पडते आणि उतारावर पुढची चाके उचलली जातात.

फण, फाळ आणि चौकट

फण तीन प्रकारचे असतात. ताठ फण स्वस्त, साधा आणि खोली नीट राखणारा; पण तो दगडाला किंवा झाडाच्या मुळाला अडला की फण, बोल्ट किंवा चौकट यांपैकी काहीतरी वाकते. स्प्रिंगचा फण अडथळा आला की मागे झुकतो आणि अडथळा ओलांडल्यावर पुन्हा जागेवर येतो. तिसरा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेल्या लवचिक पट्टीचा असतो; तो चालताना थरथरतो, त्यामुळे ढेकळे चांगली फुटतात आणि तणाची मुळे मातीपासून सुटतात, पण कठीण जमिनीत तो खोली धरत नाही. जुन्या बागेत मुळे, दगड, पुरून राहिलेल्या नळाच्या तुकड्यांसारख्या गोष्टी असतातच, म्हणून माझी पसंती स्प्रिंगच्या फणाला आहे. दगड नसलेली, दरवर्षी कसली जाणारी भाजीपाल्याची जमीन असेल, तर एस आकाराचे फण अधिक मऊ काम देतात. ताठ फण मी फक्त तिथेच घेईन, जिथे जमिनीत काय आहे हे मला पक्के ठाऊक आहे.

फणाच्या टोकाला लावायचे फाळ बदलता येतात, आणि खरे पाहता एका कल्टिव्हेटरची दोन अवजारे होतात ती त्यांच्यामुळेच. अरुंद, दोन्ही टोकांना धार असलेला फाळ खोल शिरतो, आणि एक टोक झिजले की उलटून लावता येतो. बाणाच्या टोकासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले रुंद पाते जमिनीखाली चार-पाच सेंटिमीटरवरून सपाट जाते आणि तणाची मुळे कापते. हे पाते लावताना शेजारच्या पात्यांच्या कडा एकमेकींवर दोन-तीन सेंटिमीटर याव्यात, फण २२.५ सेंटिमीटरवर असतील तर २५ सेंटिमीटर रुंदीचे पाते घ्यावे, नाहीतर दोन पात्यांमधल्या पट्टीत तण उभेच राहते. अवजार घेतानाच दोन्ही प्रकारचे फाळ मिळतात का, बोल्टांची भोके सर्वत्र मिळणाऱ्या मापाची आहेत का, हे विचारून घ्यावे. फाळ झिजणारच, तो सहज मिळत नसेल तर चांगला कल्टिव्हेटरही कोपऱ्यात पडून राहतो.

चौकटीत दोन गोष्टी पाहाव्यात. फण एकाच ओळीत नसून मागे-पुढे दोन किंवा तीन ओळींत असावेत, म्हणजे शेजारच्या फणांमध्ये पालापाचोळा अडकत नाही. आणि फाळाच्या टोकापासून चौकटीच्या तळापर्यंतची उंची ४५ सेंटिमीटरहून कमी नसावी. बागेत आच्छादन, वेलींचे अवशेष, गवत नेहमीच असते, आणि चौकट बुटकी असेल तर दर वीस पावलांवर उतरून गठ्ठे काढावे लागतात. खोली राखणारी दोन लहान चाके मिळत असतील, तर ती अवश्य घ्यावीत. लहान ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला ओढीनुसार खोली सांभाळण्याची सोय बहुधा नसते, आणि चाकांशिवाय मऊ जागी फण बुडतात व कठीण जागी वर येतात.

वापरलेला कल्टिव्हेटर पाहताना

जुने अवजार घेण्यात काहीच कमीपणा नाही. फणांच्या कल्टिव्हेटरमध्ये बिघडण्यासारखे भाग थोडेच असतात. रंगाकडे न पाहता टेप काढावी. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील, तर चौकट कधीतरी पिळली गेली आहे. अवजार सपाट फरशीवर उभे करून सर्व फाळांची टोके टेकतात का ते पाहावे, आणि न टेकणारा फण वाकलेला आहे की नुसता सैल, हे ठरवावे. स्प्रिंग सगळ्या सारख्या लांबीच्या असाव्यात. जोडणीच्या भोकांचा आकार लांबट झाला असेल, वरच्या कमानीच्या मुळाशी नव्याने वेल्डिंग केले असेल, तर ते अवजार त्याच्या कुवतीबाहेर वापरले गेले आहे असे समजावे. झिजलेले फाळ ही त्रुटी नाही, कारण ते बदलायचेच असतात.

पहिली पाळी

अवजार जोडल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, मागून पाहत उजव्या बाजूच्या उचल-दांड्याचा स्क्रू फिरवून चौकट डावी-उजवीकडे समपातळीत आणावी. मग टॉप लिंकची लांबी बदलून पुढच्या आणि मागच्या ओळीतले फण एकाच खोलीवर येतील असे करावे. टॉप लिंक आखूड केली की पुढचे फण खोल जातात, लांब केली की मागचे. बाजूच्या चेन इतक्याच ताणाव्यात की अवजार दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटर हलेल, पण टायरला लागणार नाही. पीटीओवर चालणारे अवजार असेल तर त्याचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या फिरतो. त्याचे आवरण टोकापासून टोकापर्यंत धड असल्याशिवाय ते सुरू करू नये, आणि सैल कपडे घालून त्याच्याजवळ जाऊ नये. फणांत अडकलेले काही काढायचे असेल, तर अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून आणि चावी काढूनच खाली उतरावे. उचललेल्या अवजाराखाली हात घालू नये.

पहिल्या फेरीनंतर तीस-चाळीस मीटरवर थांबून, फेरीला आडवा असा एक चर फावड्याने खणावा आणि सुटलेली माती हाताने हलकेच बाजूला करावी. खाली उरलेला न हललेला तळ पाहावा. दोन फणांमध्ये उंच वरंबे राहिले असतील, तर फाळ अरुंद पडत आहेत किंवा खोली अपुरी आहे. तळ चकचकीत आणि चोपडा दिसत असेल, तर माती अजून ओली आहे. एका बाजूची खोली दुसरीपेक्षा जास्त असेल, तर चौकट तिरकी आहे. तळ खडबडीत असून सर्वत्र खोली दोन सेंटिमीटरच्या फरकात राहत असेल, टायरची पट्टी मोकळी झालेली असेल आणि खडूच्या रेघेने मोजलेली घसर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर अवजार, ट्रॅक्टर आणि जमीन यांचे जमले आहे, आणि पुढची फेरी सुरू करायला हरकत नाही.